मातीतला बचत गट

(काठी आणि आसपासच्या पाड्यांवरच्या महिला गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)



आज आपण झाडाच्या जेवणाविषयी बोलणार आहोत. झाड काय खातं, ते त्याला कोण आणून देतं, आणि त्याच्या ताटातलं आपण नकळत कधी काढून घेतो, एवढंच बोलू. विषय झाडाचा असला तरी तो आपल्या मोहाच्या टोपलीशी आणि आमचुराच्या आंब्याशी जोडलेला आहे.

आधी एक गोष्ट आठवा. नाल्याकाठचा जुना मोह दोघींच्या कवेत मावत नाही. तोच मोह वर माथ्यावरच्या मुरमात उगवला तर वर्षं सरतात, पण खोड मांडीएवढंच राहतं. बांबूचंही तसंच. काठीच्या राजवाडी होळीला जो उंच, सरळ बांबू उभा करतात, तो उघड्या टेकडीवर मिळत नाही. त्याला खोल मातीचं दाट जंगल लागतं. बी तेच, पाऊस तोच, ऊन तेच. मग फरक कुठे पडला? पायाखाली.

झाड खातं तरी काय?

झाड माती खाऊन मोठं होतं असं आपल्याला वाटतं. खरं तर लाकडाचा बहुतेक भाग हवा आणि पाणी यांच्यापासून बनतो. पान हवेतला कर्बवायू घेतं, मूळ पाणी देतं आणि उन्हाच्या जोरावर पान त्याची साखर करतं. त्याच साखरेचं पुढे लाकूड होतं.

याचा पुरावा रोज तुमच्या चुलीत असतो. लाकडाचा एक भारा जाळला तर मागे काय उरतं? पसाभर राख. बाकी बहुतेक सगळं हवा आणि पाण्यातून आलं होतं, ते हवेत गेलं. ती पसाभर राख मात्र मातीतून आली होती. तिच्यात पालाश आहे, चुना आहे, थोडं स्फुरद आहे.

पसाभरच आहे, मग तिचं एवढं काय महत्त्व? पातेलंभर डाळीला मीठ चिमूटभरच लागतं, पण ते नसेल तर डाळ पोटात जात नाही. झाडाचंही तसंच आहे. एक अन्नद्रव्य कमी पडलं की बाकीची कितीही असली तरी झाड तिथेच अडतं.

यातली तीन नावं तुम्ही खताच्या गोणीवर पाहिली आहेत: नत्र, स्फुरद, पालाश. नत्रानं पान हिरवं होतं आणि वाढीला वेग येतो. स्फुरदानं मूळ धरतं, फूल आणि बी येतं. पालाशामुळे झाड पाणी नीट वापरतं आणि उन्हाळा सोसतं.

मक्याच्या शेतात तुम्ही हे ओळखता. खालची जुनी पानं मधूनच पिवळी पडू लागली तर नत्र कमी आहे. कोवळं रोप जांभळट दिसायला लागलं तर स्फुरद कमी आहे. पानाच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या तर पालाश कमी आहे. जंगलातल्या लहान रोपांकडेही याच नजरेने बघता येतं. जंगलात मात्र कुणी गोणी टाकत नाही. मग तिथे हे येतं कुठून?

दगडातून काय येतं, हवेतून काय येतं

आपला सातपुडा काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस वाहिला आणि थंड झाला, तो हा दगड. तो झिजतो तेव्हा चुना आणि मॅग्नेशियम चांगलं देतो. स्फुरदही दगडातूनच येतं, पण फार हळू. शिवाय मातीत सुटलेलं स्फुरद चुना किंवा लोह धरून ठेवतं, मुळाला सहज देत नाही. तिथे मदतीला येते बुरशी. झाडाच्या बारीक मुळांना चिकटून केसाहून बारीक धागे मातीत दूरवर जातात, स्फुरद आणि पाणी शोधून मुळाला आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. चांगल्या जंगलातली माती उकरली की पांढरे धागे दिसतात. बुरशी म्हटलं की आपल्याला भाकरीवरची कीड आठवते, पण मातीतली अशी बुरशी झाडाची सोबतीण असते.

नत्राची गोष्ट वेगळी. काळ्या पाषाणात नत्र जवळजवळ नसतंच. ते हवेत आहे. हवेच्या शंभर भागांतले ७८ भाग नत्राचे आहेत. पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. नदीकाठी उभं राहून घागर रिकामी, अशी झाडाची गत असते.

ती घागर भरतात काही जिवाणू. तुरीचं किंवा चवळीचं रोप हलक्या हाताने उपटून बघा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ काम करते आहे. त्या गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र पकडून रोपाला देतात. म्हणून तर आपले जुने लोक ज्वारी-मक्यात तूर आणि उडीद मिसळून पेरत आले.

जंगलातही अशी गाठीवाली झाडं आहेत. पळस, खैर, तिवस, शिसव, करंज, पांगारा ही त्यातली. त्यांची पानं गळून कुजली की ते नत्र शेजारच्या मोहाला, सागाला, सादड्याला मिळतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: शेंग आली म्हणजे गाठ असेलच असं नाही. चिंच, बहावा आणि आपटा यांना शेंगा येतात, पण मुळांवर अशा गाठी नसतात. त्यांचे उपयोग दुसरे आहेत, नत्र आणण्यासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका.

पान गळतं, धन गळत नाही

आपलं जंगल पानगळीचं. पाऊस चार महिने, बाकीचे महिने कोरडे. इथे झाडाला पहिली अडचण पाण्याची. आणि अन्नद्रव्यंही पाण्यातूनच मुळात शिरतात, म्हणून वर्षभराचं जेवण झाडाला त्या चार महिन्यांतच उरकायचं असतं.

पान गळण्याआधी पिवळं का पडतं? कामासाठी गुजरातेत जायच्या आधी आपण घरातलं धान्य कणगीत भरून झाकून ठेवतो. झाड तेच करतं. पानातलं नत्र आणि स्फुरद, साधारण निम्मं, ते परत फांदीत आणि खोडात ओढून घेतं. मग रिकामं होत आलेलं पान सोडून देतं. उरलेलं निम्मं त्या पानाबरोबर खाली पडतं आणि तेच पुढच्या पावसाळ्याचं जेवण असतं.

आता कळीचा भाग. पान फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतं आणि पाऊस जूनमध्ये येतो. मधल्या कोरड्या महिन्यांत हे धन कोण सांभाळतं?

काशी हिंदू विश्वविद्यालयातल्या संशोधकांनी विंध्य पर्वताच्या कोरड्या जंगलात याचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये जगातल्या एका नामांकित विज्ञान नियतकालिकात छापून आला. त्यांना दिसलं की मातीतल्या सूक्ष्म जीवांच्या, म्हणजे जिवाणू आणि बुरशीच्या, शरीरात कोरड्या उन्हाळ्यात नत्र आणि स्फुरद सर्वांत जास्त साठलेलं असतं. पावसाळ्यात ते सर्वांत कमी होतं. म्हणजे झाड झोपलेलं असताना हे जीव अन्न आपल्याजवळ धरून ठेवतात आणि पाऊस पडला, मुळं जागी झाली, की मोकळं करतात.

बहिणींनो, हा मातीतला बचत गटच झाला. जेव्हा गरज नसते तेव्हा जमा करायचं, पेरणीच्या वेळी वाटायचं. फरक एवढाच की हा गट मातीच्या वरच्या वीतभर थरात राहतो. तो थर गेला की गटही गेला आणि जमा झालेली पुंजीही गेली.

माथ्यावरचा मोह का खुरटतो ते आता सांगता येईल. उतारावरची वरची माती पावसाने धुऊन खाली नेली. तिच्यासोबत पाणी धरण्याची जागा गेली, कुजलेला पाला गेला, सूक्ष्म जीव गेले. नाल्याकाठच्या मोहाला मात्र वरचं सगळं वाहून येऊन मिळालं. म्हणून खालच्याचं खोड जाड आणि वरच्याचं बारीक.

बाहेरच्या जंगलांनी काय शिकवलं

जगभरात उष्ण प्रदेशातल्या जंगलांवर असे प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमध्ये मनौस शहराजवळच्या जंगलात काही तुकड्यांना स्फुरद देऊन पाहिलं. तिथली माती फार जुनी, पावसाने धुऊन निघालेली. स्फुरद मिळताच पानं आणि बारीक मुळं जास्त वाढली. खोडाच्या जाडीत मात्र लगेच फरक पडला नाही. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

मध्य अमेरिकेतल्या पनामा देशातली गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. तिथे शेती आणि चराई बंद झालेल्या जमिनीवर जंगल पुन्हा कसं उगवतं ते पाहिलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कोवळ्या जंगलात गाठीवाली झाडं शेजारच्या बिनगाठीच्या झाडांपेक्षा नऊपटीपर्यंत वेगाने वाढतात. पहिल्या १२ वर्षांत नव्या जंगलाला लागणाऱ्या नत्राचा मोठा वाटा ह्याच झाडांनी पुरवला. नंतरच्या प्रयोगात अशा कोवळ्या जंगलाला नत्र दिलं, तर पहिल्या दहा वर्षांत वाढ जवळजवळ दुप्पट झाली. जुन्या, भरलेल्या जंगलात तेच नत्र देऊन फरक पडला नाही, कारण त्याची कणगी आधीच भरलेली होती.

पनामात पाऊस आपल्यापेक्षा खूप जास्त. म्हणून तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण शिकण्यासारखं एक आहे: उघड्या पडलेल्या जमिनीवर जंगल परत आणायचं तर सुरुवातीच्या वर्षांत नत्राची भूक सर्वांत मोठी असते. ती भागवणारी झाडं आधी हवीत.

मोहाखालची आग

आता जरा अवघड विषय. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. झाडाखाली वाळलेला पाला असेल तर फुलं दिसत नाहीत, वेचायला वेळ लागतो, पाल्यात साप-विंचवाची भीती. म्हणून मोह सुरू व्हायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवतात. यात कुणाचा आळस नाही. पहाटे उठून, लेकरांना घरी ठेवून, उन्हाच्या आत वेचणी संपवायची असते. आग हा सोपा उपाय वाटतो.

पण त्या आगीत काय होतं ते पाहा. चुलीतली राख आठवा. राखेत पालाश आणि चुना उरला, पण नत्र कुठे होतं? ते धुरातून गेलं. पाला जळताना त्यातलं नत्र वायू होऊन निघून जातं, राखेत येत नाही. म्हणजे आपल्या मातीला ज्याची सर्वांत जास्त टंचाई, तेच आधी उडतं. उरलेली राख उघड्या जमिनीवर पडून राहते. पहिला वळवाचा पाऊस आला की उतारावरून नाल्यात. वरच्या बोटभर थरातले सूक्ष्म जीव भाजतात. आणि मोहाची जी लहान रोपं उगवली असतील ती जळतात.

शेवटची गोष्ट सर्वांत काळजीची. आपल्या कितीतरी मोहांखाली नवं रोपच दिसत नाही. आज ज्या मोहाची फुलं आपण वेचतो, तो आजी-पणजीच्या काळातला. तो पडला की त्याच्या जागी कोण? फुलं आपण वेचतो, बियाही तेलासाठी वेचतो, उरलेल्या बीचं रोप आगीत जातं. मोहाच्या मुळांवर नत्राच्या गाठी नसतात. त्याची सगळी भिस्त पाल्यावर आणि शेजारच्या पळस-खैरावर.

काही जणी म्हणतील, आग लावली की गवत हिरवंगार येतं, टेंभुर्णीची पानं चांगली फुटतात. खरं आहे. राखेतला पालाश आणि चुना लगेच मिळतो, म्हणून पहिल्या पावसात हिरवळ दिसते. पण बचत गटाचं भांडवल मोडून सण साजरा केला तर त्या दिवशी घर भरलेलंच दिसतं. पुढच्या वर्षी पेटीत काय राहिलं ते बघायचं.

मग करायचं काय?

पहिलं, पाला पेटवू नका, झाडून बाजूला करा. फक्त ज्या मोहाखाली वेचायचं तेवढ्याच घेरातला पाला लोटून उताराच्या खालच्या अंगाला, आडव्या ओळीत लावा. वर दोन-चार दगड ठेवा. हाच बांध पावसात वाहणारी माती अडवतो आणि तिथेच कुजतो. वेचणी संपली की थोडा पाला परत झाडाखाली पसरा.

दुसरं, झाडाखाली जुन्या साड्या किंवा हिरवी जाळी अंथरा. छत्तीसगडमध्ये मोहाखाली जाळी बांधून फुलं गोळा करतात. माती आणि राख न लागलेलं फूल स्वच्छ राहतं, वाळवायला सोपं जातं आणि घाण आहे म्हणून व्यापाऱ्याला वजन कापता येत नाही. गटाने मिळून काही जाळ्या घेतल्या तर पाळीपाळीने वापरता येतील.

तिसरं, उघड्या उतारावर झाडं लावताना क्रम पाळा. आधी माती अडवा: दगडी बांध, समतल चर. मग गाठीवाली झाडं: खैर, तिवस, शिसव, करंज, पळस. पळसपापडी ताजी असतानाच, पावसाच्या तोंडावर टोका, जुनी झाली की उगवत नाही. त्यांच्या मध्ये आणि सावलीत मोह, चारोळी, आवळा, आंबा लावा. नुसता साग लावू नका. सागाच्या मोठ्या पानावरून पावसाचे जाड थेंब खाली पडतात आणि खाली झुडूप-गवत नसेल तर माती उडवतात. बांधावर गिरिपुष्प लावलं तर वर्षातून दोनदा त्याचा पाला छाटून रोपांच्या बुडाशी टाकता येतो.

चौथं, रोप लावताना खड्ड्यात ओंजळभर माती जुन्या, निरोगी झाडाखालची टाका. मोहाच्या रोपाला मोहाखालची, खैराला खैराखालची. त्या ओंजळीत बुरशीचे धागे आणि जिवाणू येतात. सोबत कुजलेलं शेणखत. चुलीची राख टाकायची तर मूठभरच, कारण आपल्या मातीत चुना आधीच आहे.

पाचवं, पाला आणायचाच असेल तर एकाच जागेवरून दर वर्षी सगळा उचलू नका. जागा बदला आणि दर वेळी अर्धा थर तिथेच सोडा.

हे एकटीने होत नाही

एकीने आग लावली नाही आणि शेजारच्या पाड्यावरून आली, तर उपयोग काय? म्हणून हा विषय ग्रामसभेत आणायला हवा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहेच. पण धाकापेक्षा आपला स्वतःचा नियम जास्त टिकतो, आणि तो करायचा अधिकार आपल्याला आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याने ज्या सामूहिक वनावर गावाचा हक्क मान्य होतो, त्याचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असायला हव्यात. वन हक्क समितीतही किमान एक तृतीयांश बाया हव्यात. तुम्ही आला नाहीत तर ती ग्रामसभा पुरी होत नाही, एवढं तुमचं वजन आहे.

वेळ निवडायची तर होळीच्या आधीची. होळीला सगळे घरी येतात आणि मोहाची वेचणीही त्याच सुमाराला सुरू होते. त्याआधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवता येतील: यंदा कुठल्या मोहाखाली जाळी लावायची, पाड्यांच्या हद्दीवरची आगपट्टी कुणी साफ करायची, आणि कुठला एक तुकडा पाच वर्षं आगीपासून राखायचा. एकच तुकडा राखा. शेजारी न राखलेला तुकडा असेलच. दर वर्षी दोन्हीकडची रोपं मोजा. कोणाचं म्हणणं खरं ते मोजणीच सांगेल.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या पाड्याजवळ नाल्याकाठी, मधल्या उतारावर आणि माथ्यावर वीतभर खणून बघा. काळी, भुसभुशीत माती कुठे किती बोटं खोल आहे? पांढरे धागे दिसतात का?

२. आपण वेचतो त्या मोहांखाली गुडघ्याएवढी नवी रोपं किती आहेत? एकेका झाडाखाली मोजा.

३. आपल्या जंगलात गाठीवाली झाडं कोणकोणती आहेत? त्यातली कुठली पूर्वी जास्त होती असं आजीबाई सांगतात?

४. जाळी घ्यायला गटाच्या बचतीतून किती पैसे काढता येतील आणि ती कुणाकडे ठेवायची?

उत्तरं लिहून ठेवा, नाहीतर लिहिता येणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या वेळी पाण्यावर बोलू तेव्हा ती वही सोबत असू द्या.

जोहार.